माहुलच्या खाडीवरून दिसलेले चार करार

मागच्या आठवड्यात गॅसच्या दरावर मी दोन ओळी टाकल्या आणि खाली महाभारत झालं. एक जण म्हणाला, "परदेशी कंपन्यांना मोकळं रान द्या, स्पर्धा आली की भाव उतरतील." दुसऱ्याने विचारलं, "एन्रॉन विसरलात का?" तिसऱ्याने थेट ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिघांनाही तिथेच उत्तर देणार होतो, पण ते कमेंटमध्ये मावणारं नाही. म्हणून ही लांब पोस्ट. चहा घेऊन बसा.

मी माहुलचा. ज्यांनी माहुल फक्त बातम्यांत ऐकलंय त्यांच्यासाठी सांगतो. चेंबूरच्या वाशीनाक्यावरून खाडीच्या दिशेने आलात की आधी टाक्या दिसतात, मग पाइप दिसतात, मग चिमण्या दिसतात आणि सगळ्यांच्या मागे आमचं गाव लागतं. गाव आगरी-कोळ्यांचं आणि या सगळ्याच्या खूप आधीचं. माझ्या आज्याने रिफायनरीच्या बांधकामावर घमेली उचलली आणि उरलेला वेळ खाडीत होडी घातली. पुढे रात्री परतताना चिमणीवरची ज्योत बघून तो गावाची दिशा धरायचा. ज्या ज्योतीखाली त्याची खाडी गेली, तीच त्याला घरी आणायची. हे तो हसत सांगायचा, तक्रार म्हणून नाही.

त्यामुळे परदेशी पैसा, तेल आणि गॅस हा विषय आमच्यासाठी पेपरातला नाही. गेल्या सत्तर वर्षांत परदेशी भांडवल या धंद्यात वेगवेगळी रूपं घेऊन आलं. मी चार करार सांगतो. चारही मुंबईच्या समुद्राशी नाहीतर कोकण किनाऱ्याशी जोडलेले आहेत.

पहिला करार, १९५१.

स्वातंत्र्य नवीन होतं. देशात घासलेट, पेट्रोल, डिझेल बाहेरून येत होतं. १९५१ मध्ये इराणने आपल्या तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ब्रिटिशांच्या हातून आबादानची अवाढव्य रिफायनरी गेली. इकडे भारताला स्वतःच्या भूमीवर रिफायनरी हवी होती आणि पैसा नि तंत्र दोन्ही नव्हतं. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने अमेरिकन स्टॅन्डर्ड व्हॅक्यूम आणि ब्रिटिश-डच बर्मा शेल यांच्याशी करार केले. दोन्ही रिफायनऱ्या आमच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. स्टॅन्डर्ड व्हॅक्यूमची (पुढे एस्सो) १९५४ मध्ये सुरू झाली, बर्मा शेलची १९५५ मध्ये. मुंबईच्या काही स्वयंपाकघरांत 'बर्शेन'चं सिलिंडर आलं तेही याच काळात. चुलीतून सुटलेल्या बायकांना ती शेगडी काय वाटली असेल ते वेगळं सांगायला नको. परदेशी भांडवलाने काहीच दिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता कराराची दुसरी बाजू. सरकारने २५ वर्षं राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली. आणि कच्चं तेल कुठून आणायचं हे कंपन्यांवर सोडलं. हे कलम वाचायला साधं वाटतं, पण सगळी मेख त्यात होती. माहुलची कंपनी कच्चं तेल घ्यायची ते आपल्याच मूळ कंपनीच्या घराण्यातून, तिने लावलेल्या भावाने. विकणारा तोच, घेणाराही तोच. रिफायनरीचा नफा किती यावर आपण भांडत बसलो आणि खरी कमाई पर्शियन आखातातच होऊन जायची.

१९६० मध्ये हे उघड झालं. सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना सांगितलं, हे तेल तुमच्या रिफायनरीत गाळा. कंपन्यांनी नकार दिला. करार त्यांच्या बाजूने होता. रिफायनरी आमच्या गावात, पण तिच्यात कोणतं तेल जाणार हे देशाच्या मंत्र्याला ठरवता येईना. शेवटी कंपन्यांनी भावात थोडी सूट दिली. सरकारने मात्र धडा घेतला. १९५६ मध्ये ओएनजीसी आणि १९५९ मध्ये इंडियन ऑइल उभी राहिलीच होती. त्यांच्यावरचा जोर आता वाढला.

१९७४ मध्ये एस्सो सरकारकडे आली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. २४ जानेवारी १९७६ ला बर्मा शेल आली, तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. दोन्ही वेळा मोबदला देऊन, वाटाघाटी करून. गावात पाटी बदलली, भोंगा तोच राहिला.

दुसरा करार, खरं तर कर्ज.

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. बॉम्बे हाय. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर वायूही निघाला.

इथे परदेश नव्हता असं कुणी म्हणू नये. समुद्राखालची ती रचना १९६० च्या दशकात एका सोव्हिएत जहाजाच्या पाहणीत दिसली होती. 'सागर सम्राट' जपानमध्ये बांधलेलं होतं. १९७७ मध्ये जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. म्हणजे तंत्र बाहेरचं, यंत्र बाहेरचं, पैसाही काही प्रमाणात बाहेरचा. पण मालकी ओएनजीसीची. कर्ज फेडलं की सावकाराचा संबंध संपला. विहिरीत त्याचा वाटा नव्हता.

याचा तोटाही होता, तोही सांगतो. वायूचं एक दुखणं आहे. तेल जहाजात भरून कुठेही नेता येतं. वायू पाइपाशिवाय हलत नाही, आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक नसेल तर पाइप टाकून उपयोग नाही. नाहीतर वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा, मग तो सहाशेपट कमी जागेत मावतो आणि जहाजाने नेता येतो. पण त्याला प्रचंड पैसा लागतो. आपल्याकडे उरणपर्यंत पाइप आले, तिथून ट्रॉम्बेला आले, आमच्या शेजारच्या खत कारखान्याला, वीजकेंद्राला वायू मिळाला, पुढे थळचा खत कारखाना उभा राहिला. तरीही पाइप आणि गिऱ्हाइकं तयार होईपर्यंत बराच वायू समुद्रातच जाळावा लागला. सरकारी पैसा कमी पडत होता, वेळ जात होता. परदेशी गुंतवणूक हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे.

आणि याच मुद्द्यावर स्वार होऊन तिसरा करार आला. दाभोळ.

जून १९९२. अमेरिकेच्या एन्रॉनने राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. निविदा मागवल्या नव्हत्या. गुहागर तालुक्यात वीजकेंद्र उभं करायचं, परदेशातून द्रवरूप वायू आणायचा, एकूण खर्च सुमारे तीन अब्ज डॉलर. त्या वेळची ती देशातली सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजली. १९९३ मध्ये जागतिक बँकेनेच सांगितलं की ही वीज महाग पडेल आणि एवढी लागणारही नाही. त्या प्रकल्पाला बँकेने पैसे दिले नाहीत. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला.

त्या कराराचं गणित समजून घ्या. वीज घ्या किंवा न घ्या, केंद्राचा ठरलेला आकार मंडळाने द्यायचा. तो डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्च जसा येईल तसा वर. मंडळ चुकलं तर राज्य सरकारची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची. आता हिशोब करा. १९९३ मध्ये डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. कंपनीने काहीही न करता आपलं बिल दीडपट. त्यात गॅस अजून आलेलाच नव्हता. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर, आणि पुढच्याच वर्षी कच्च्या तेलाबरोबर नाफ्थाही महागला.

राजकारण सगळ्यांना माहीत आहे, पटकन सांगतो. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवायची भाषा झाली, ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, काही महिन्यांत फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. केंद्राची हमी नव्याने मंजूर झाली ती मे १९९६ मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात. करार केला काँग्रेसने, वाढवला युतीने. म्हणून कमेंटमध्ये एकाच पक्षावर चिखल उडवू नका, सगळ्यांच्या धोतरावर शिंतोडे आहेत.

मला मात्र वेलदूर आठवतं. गुहागरचा कोळीवाडा. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे पोलीस घरांत शिरले, बायकांना फरफटत नेलं. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांच्या अहवालात ते नोंदलेलं आहे. त्या बायकांचा प्रश्न डॉलरचा नव्हता. केंद्रातून समुद्रात सुटणाऱ्या पाण्याने मासळी राहील का, एवढंच त्या विचारत होत्या. माहुलच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

शेवट असा झाला. २००१ च्या सुरुवातीला मंडळाला बिलं झेपेनाशी झाली. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये गेल आणि एनटीपीसीने नवी कंपनी काढून ते केंद्र ताब्यात घेतलं. म्हणजे परदेशी गुंतवणुकीचं ओझं शेवटी सरकारी कंपन्यांच्या डोक्यावर आलं. द्रवरूप वायूचं बंदर सुरू व्हायला २०१३ उजाडलं, एन्रॉन बुडाल्याला अकरा वर्षं झाल्यावर.

चौथा करार. याच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो बऱ्यापैकी चालला.

डिसेंबर १९९४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रातली पन्ना-मुक्ता आणि तापी ही क्षेत्रं ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉनच्याच तेल-वायू कंपनीला भागीदारीत दिली गेली. ओएनजीसीचे ४० टक्के, बाकी दोघांचे ३०-३०. शोध ओएनजीसीचा होता, त्यामुळे शिजवलेल्या भातावर बाहेरच्यांना बसवलं अशी टीका तेव्हाही झाली. २००२ मध्ये बुडत्या एन्रॉनचा वाटा ब्रिटिश गॅसने घेतला. पद्धत अशी की आधी खर्च वसूल करायचा, मग नफा सरकार आणि कंपन्यांत वाटायचा. साहजिकच खर्च किती धरायचा यावर भांडण. २०१० मध्ये ते लवादात गेलं. पण करार २५ वर्षांचा होता, आणि डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपताच पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परत आलं.

त्याच ब्रिटिश गॅसने १९९५ मध्ये गेलबरोबर महानगर गॅस काढली. राज्य सरकारही पुढे भागीदार झालं. मुंबईच्या रस्त्यांखाली पाइप टाकले गेले, सीएनजी पंप आले. १९९९ नंतर हायकोर्टात धुराचा खटला चालला, जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या. काळा धूर ओकणारी पद्मिनी ज्यांनी बघितलीय त्यांना फरक माहीत आहे. इथे कुणी सरकारकडून "वापरा नाहीतर पैसे भरा" असं लिहून घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक मिळवायची जोखीम कंपनीची होती.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेलने अख्खी ब्रिटिश गॅस विकत घेतली. म्हणजे जानेवारी १९७६ मध्ये माहुलमधून बाहेर पडलेली शेल बरोबर चाळीस वर्षांनी मुंबईच्या गॅसमध्ये मागच्या दाराने परत आली. त्याच वर्षी महानगर गॅसचे शेअर बाजारात आले. शेलने आपला वाटा टप्प्याटप्प्याने विकला आणि २०१९ मध्ये पूर्ण बाहेर पडली. गावात कुणाला पत्ताही लागला नाही. मुलुंडला माझ्या बहिणीच्या शेगडीवर भाकरी त्या दिवशीही तशीच फुगली.

आता ज्यावरून भांडण सुरू झालं त्या दराकडे येतो. अनेकांनी लिहिलं, "बॉम्बे हायचा गॅस आपला, मग महाग का?" एप्रिल २०२३ पासून जुन्या सरकारी क्षेत्रांतल्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरला जातो, सुरुवातीची कमाल मर्यादा साडेसहा डॉलर. हो, डॉलर. आपल्या समुद्रातला गॅस, आपली कंपनी, भाव डॉलरमध्ये. त्यात २०२४ च्या अखेरीस शहरांतल्या गॅस कंपन्यांना मिळणारा हा स्वस्त कोटा कमी केला गेला, उरलेला गॅस महाग घ्यावा लागला आणि मुंबईत सीएनजी वाढला. तेव्हा महानगर गॅसमध्ये परदेशी भागीदार उरलेला नव्हता. मालक देशी की परदेशी, यावरून तुमच्या बिलाचा अंदाज बांधता येत नाही. भाव कशाला बांधलाय, यावरून बांधता येतो.

चारही करार शेजारी ठेवा. परदेशी पैसा सगळीकडे होता. पहिल्यात कच्च्या तेलाच्या कलमाने आपले हात बांधले. दुसऱ्यात फक्त कर्ज होतं, ते फेडून मोकळे झालो. तिसऱ्यात डॉलरची, इंधनाची, मागणीची सगळी जोखीम आपल्या अंगावर लिहिलेली होती. चौथ्यात जोखीम वाटलेली होती आणि मुदत ठरलेली होती. म्हणून "परदेशी हवं की नको" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, आधी कागद दाखवा.

आणि आता आमचं. या चारही कागदांत माहुल किंवा वेलदूरची सही कुठेच नाही. नफ्याची वाटणी लिहिलेली आहे, तोट्याची लिहिलेली आहे. हवेची, खाडीची कुणाच्या खात्यात धरलेली नाही. २०१५ मध्ये हरित लवादाने म्हटलं की माहुल आणि आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला इथल्या हवेचा धोका आहे. त्यानंतरही २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं तोडून तिथल्या लोकांना माहुलच्या ७२ इमारतींत आणून टाकलं. त्यांतले कित्येक पुढे विद्याविहारला फूटपाथवर येऊन बसले, पण माहुलला परत जायला तयार नव्हते. २०१९ मध्ये हायकोर्टाला पालिकेला सांगावं लागलं की या लोकांना माहुलला पाठवू नका, भाडं द्या. २०२० मध्ये लवादाने दोन्ही रिफायनऱ्या आणि रसायनं साठवणाऱ्या दोन कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठोठावली. नीट बघा, तोवर दोन्ही रिफायनऱ्या सरकारी होऊन चार दशकं उलटली होती. मालक देशी झाल्याने वास गेला नाही.

हे जुनं उगाळतोय असं वाटेल, पण २०१९ मध्ये सरकारने भारत पेट्रोलियममधला आपला सगळा, जवळजवळ ५३ टक्के वाटा विकायला काढला होता. २०२१ मध्ये त्यासाठी परदेशी गुंतवणुकीची मर्यादा १०० टक्क्यांपर्यंत नेली. बोली लावणारे टिकले नाहीत, २०२२ च्या मे महिन्यात विक्री मागे घेतली. पण एकदा निघालं ते परत निघू शकतं. माहुलची रिफायनरी उद्या पुन्हा कुणा परदेशी कंपनीच्या हातात गेली तर मी झेंडा घेऊन "चले जाव" म्हणणार नाही आणि पेढेही वाटणार नाही. मी विचारीन: भाव कशाला बांधलाय? रुपया पडला तर फरक कोण भरणार? कंपनी बुडाली किंवा निघून गेली तर मागे उरलेलं कोण साफ करणार? आणि करारावर सही व्हायच्या आधी गावाला तो मराठीत वाचायला मिळणार का?

१९५१ मध्ये माझ्या आज्याला यातलं काही विचारायची सोय नव्हती. त्याला फक्त रोज किती मिळणार एवढंच विचारता आलं. आपल्याला माहितीचा अधिकार आहे, हातात फोन आहे. निदान तेवढा फरक पडायला हवा.

माहुल, गव्हाणपाडा, आणिक, ट्रॉम्बे, तसंच गुहागरकडच्या मंडळींना विनंती. घरात जुनी माणसं असतील, जमिनीचे किंवा नोकरीचे कागद असतील तर त्यांचे फोटो काढून जपून ठेवा. कुठला तपशील माझा चुकला असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करतो. पक्षाच्या नावाने शिव्या मात्र नकोत, त्या मागच्या पोस्टखाली भरपूर झाल्यात.